बिनबॉलचे चौदा दिवस

आपण लिहिलेली बातमी पेपरात यावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते बाबारावांना, पुंडलिकरावांना आणि हिरासिंगला. पण त्या तिघांपैकी कुणालाच लिहायचं नव्हतं, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेली असल्यामुळे मला लिहिता येत असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पुस्तकं सांभाळणाऱ्याला लिहिता येतं हा समज मला एकतीस वर्षांत कुणाच्याच मनातून काढता आला नाही. तो एका संध्याकाळी भिंतीवर बसल्या बसल्या कसा काढणार?

भिंत म्हणजे कॉलेजच्या मैदानाची. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे आणि मी दमतो नेमका तिथे ही भिंत येते. कॉलेजचं नाव सांगत नाही. गावाचंही नाही. राजूरकडून कोळशाचे ट्रक येतात त्या रस्त्यावर ते आहे, एवढंच सांगतो, आणि तेही जास्त झालं की काय अशी शंका येते.

भिंतीवर बाबाराव मधोमध बसतात. ते राजूरच्या खाणीत फिटर होते आणि खाणीच्या संघाचे गोलकीपर. त्यांच्या डाव्या हाताला पुंडलिकराव, माझे शेजारी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. कॉलेजच्या फुटबॉल संघाचे गेल्या वीस वर्षांतले सगळे पराभव त्यांना थांब्यांसारखे क्रमाने पाठ आहेत. हिरासिंगची चहाची टपरी गेटसमोरच आहे. तो चहा द्यायला येतो आणि मत देऊन जातो. मी टोकाला बसतो. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण कळत नाही हे तिथे कुणी विचारत नाही, म्हणून मला ती जागा आवडते.

तर सप्टेंबरात संघाला नवीन प्रशिक्षक आल्या. साधना नगराळे. राजूरच्याच, वडील खाणीत होते, तिथल्या कॉलनीच्या मैदानावर वाढलेल्या.

"बाई हाये," पुंडलिकराव म्हणाले.

"मंग? बॉलले काय समजते कोनाचा पाय हाये ते," बाबाराव म्हणाले.

"मी कुठी काय म्हणलं? सांगून राह्यलो फक्त."

"तिच्या बापाले मी वळखतो. लेफ्टनं खेळे. मानूस गरीब, पन लेफ्ट लय वाईट."

हिरासिंगने कप गोळा करता करता विचारलं, "मंग पेपरात काहून नाही आलं जी? मागच्या हप्त्यात दोन तोंडाच्या भोपळ्याचा फोटो आलता."

"भोपळ्यावाल्यानं नेऊन देला असन," पुंडलिकराव म्हणाले आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

आमच्या भागात बातमी आपण होऊन येत नाही. ज्याला ती हवी त्याने लिहून न्यायची असते. मी लिहून नेतो असं कधी म्हणालो मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी साकेतच्या दुकानात उभा होतो. साकेतचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तो एका दैनिकाचा वार्ताहर आहे आणि मोबाइलवर त्याचं स्वतःचं बातम्यांचं चॅनेलही आहे.

"लिहून आणा ना काका, मी पाठवून देतो," तो म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने एक जुनं कात्रण काढून दिलं. "हे घ्या. नाव बदला, बाकी सगळं तेच."

कात्रण एका ग्रामसेवकाच्या पदोन्नतीचं होतं. त्यात दोन ओळी ग्रामसेवकाबद्दल होत्या आणि बावीस ओळी नावांच्या. शेवटी 'त्यांच्या नियुक्तीबद्दल सर्वत्र अभिनंदन होत आहे' असं होतं. अशी बातमी मी आयुष्यभर वाचत आलो होतो. ती लिहायची वेळ आल्यावर मात्र मला पहिल्यांदा प्रश्न पडला की सर्वत्र म्हणजे कुठे कुठे.

मी माहिती घ्यायला साधना मॅडमकडे गेलो. त्या मैदानाच्या कडेला चुना टाकत होत्या. चंद्रपूरच्या एका शाळेतली नोकरी सोडून त्या इथे आल्या होत्या, आणि इथे अजून नियुक्तीपत्र हातात नव्हतं. प्राचार्यांनी तोंडी रुजू करून घेतलं होतं. पत्रावर संस्थेच्या अध्यक्षांची सही महिनाअखेरच्या सभेत व्हायची होती.

"तोंडी सांगण्यावर चंद्रपूर सोडलं?" मी विचारलं. मला घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतानाही धास्ती वाटते.

"ऑक्टोबरात अमरावतीची स्पर्धा आहे, सर. पत्राची वाट पाहत बसले असते तर ही मुलं तशीच गेली असती. आमच्या मुख्याध्यापिका चांगल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या."

"आणि सही नाही झाली तर?"

"तर एक तारखेला परत चंद्रपूर," त्या म्हणाल्या आणि चुन्याची रेघ पुढे नेली.

मी सात मसुदे केले. पुंडलिकराव रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "नावं किती झाली?" मी सांगायचो, एक. ते हताश व्हायचे. "मोहरीलसाहेब, बातमी म्हंजे नावं जी. तुमी एका मान्साची बातमी देऊन राह्यले, ते कोन वाचन? तो एकच मानूस ना."

पण माझी अडचण नावांची नव्हती. 'संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्या मार्गदर्शनाखाली' हे मी लिहिलं आणि खोडलं, कारण बापूसाहेबांनी फुटबॉलमध्ये मार्गदर्शन केल्याचं मला माहीत नव्हतं. आणि 'सर्वत्र अभिनंदन' लिहायला माझा हात धजेना. मी स्वतः पाहिलेलं अभिनंदन भिंतीवर झालं होतं; थोडं हिरासिंगच्या टपरीवर. म्हणून मी पूर्ण विचार करून लिहिलं: 'त्यांच्या नियुक्तीबद्दल काही ठिकाणी अभिनंदन होत आहे.'

रजनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मसुदा वाचला. "अहो, हे 'काही ठिकाणी' वाचून, खीर काही ठिकाणी गोड आहे म्हटल्यासारखं वाटतं."

"पण खरं आहे."

"खीर करणारीला विचारा खरं आहे की नाही ते," ती म्हणाली आणि आत गेली. मी त्यातला उपदेश ओळखला नाही. मला वाटलं ती स्वयंपाकाबद्दल बोलते आहे.

बातमी गुरुवारी आली. एक शब्दही कापला नव्हता. सकाळी सात ते सव्वासात मी फार सुखात होतो.

सव्वासातला प्राचार्यांचा फोन आला. "मोहरीलसाहेब, काही ठिकाणी म्हणजे? कुठल्या ठिकाणी होत नाही?"

"मला माहीत नाही सर."

"मग लिहिलं कसं? आणि अध्यक्षांचं नाव कुठे आहे? मी तीनदा वाचली, मागून पुढे पण वाचली." त्यांनी आवाज उतरवला. "बापूसाहेब दुखावले असतील. आता ते सही करतील का?"

दहाच्या सुमाराला संस्थेच्या उपाध्यक्षांचे एक कार्यकर्ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. उपाध्यक्षांचं आणि बापूसाहेबांचं पटत नाही, हे गावात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. मला ते त्या दिवशी कळलं. "एक नंबर लिहिलं सर," ते म्हणाले. "नाव न घेता घेतलं. काही ठिकाणी! समजनाऱ्याले समजलं." मी त्यांना सांगितलं की त्यात समजण्यासारखं काही नाही. त्यावर त्यांनी डोळा मारला. या वयात मला कुणी डोळा मारला म्हणजे काय करावं ते कळत नाही. मी पेढा खाल्ला.

शनिवारी दुसऱ्या एका पेपरात मथळा आला: 'प्रशिक्षकाच्या नियुक्तीवरून संस्थेत धुसफूस?' प्रश्नचिन्ह असल्यामुळे त्यात कुणाची काही जबाबदारी नव्हती.

मी संध्याकाळी साधना मॅडमची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिसलं ते लिहिलं, सर. मलाही भिंतीवरचेच चार जण माहीत आहेत." त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं, म्हणून मला जास्त लागलं. सही झाली नाही, तर ते माझ्या दोन शब्दांपायी असणार होतं. मी ठरवलं, खुलासा द्यायचा.

खुलासा लिहिणं बातमी लिहिण्याहून कठीण असतं, कारण त्यात पहिली चूक पुन्हा लिहून दाखवावी लागते. मी लिहिलं: 'काही ठिकाणी या शब्दांचा अर्थ, इतर ठिकाणी अभिनंदन होत नाही असा नसून, इतर ठिकाणांची लेखकास माहिती नाही, असा घ्यावा.' हे निर्दोष आहे असं मला आजही वाटतं. साकेतने खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. खुलाशाखाली द्यायची पद्धत आहे म्हणाला.

त्या दिवशी मला एकोणीस फोन आले. त्यांतले सतरा जण आपापल्या ठिकाणाची माहिती देत होते. बोरी अरबवरून एका गृहस्थांनी कळवलं की तिकडे अजून काहीच होत नाहीये, पण मी म्हणत असेन तर ते करतील.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण मैदानावर वेगळंच चाललं होतं.

साधना मॅडमनी सरावातून बॉल काढून टाकला होता. संघ दोन भागांत मैदानावर उतरायचा, धावायचा, वळायचा, जागा सोडायचा, जागा घ्यायचा, पास द्यायचा, पास घ्यायचा, आणि या सगळ्यात बॉल नसायचा. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं कुणीतरी आणायला गेलं आहे. दुसऱ्या दिवशी बाबारावांनी टाचा उंचावून पलीकडच्या नालीत पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारायला पाठवलं.

"चौदा दिवस बॉल नाही," त्या म्हणाल्या. "यांना बॉल दिला की अकराच्या अकरा त्याच्या मागे पळतात, सर. लग्नात जेवणाची पंगत उठली की पळतात तसे. बॉल नसला की उभं कुठे राहायचं ते तरी कळेल."

मी निरोप भिंतीवर पोचवला. पुंडलिकराव म्हणाले की वीस वर्षांत संघ अनेक प्रकारे हरला, पण बॉल असताना हरला. बाबाराव पाहत राहिले. पाचव्या दिवशी ते एकदम म्हणाले, "कॉर्नर होता तो."

"कायचा कॉर्नर जी? त्याच्याच पायाले लागून बाहीर गेला," पुंडलिकराव म्हणाले.

"काय बाहीर गेला?" हिरासिंगने विचारलं.

दोघांनीही मैदानाकडे नीट पाहिलं. "जे काय होतं ते," बाबाराव म्हणाले. "पन कॉर्नर होता."

त्याच संध्याकाळी साकेतने भिंतीवर चढून अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण केलं आणि चॅनेलवर टाकलं. त्यावर लिहिलं होतं: 'बॉलविना फुटबॉल! कॉलेजवर ही वेळ का आली?' मी त्याला म्हटलं, अरे, ती शिकवण्याची पद्धत आहे. तो म्हणाला, "काका, पद्धत कोणी पाहत नाही. वेळ आली म्हटलं की पाहतात."

पाहिलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गावातले एक सराफ उभे होते, काखेत नवा फुटबॉल आणि मागे फोटो काढणारा. खुलाशाखाली माझा नंबर होता, तेव्हा संपर्क मीच. मी त्यांना कॉलेजकडे पाठवलं. तासाभराने ते परत आले. कॉलेजच्या कार्यालयात सांगितलं होतं की भेटवस्तू स्वीकारायला तीन जणांची समिती लागते, समिती नेमायला सभा लागते आणि सभा महिनाअखेर आहे. क्रीडा विभागाच्या खोलीत ठेवावा म्हटलं तर किल्ली ज्या बाबूंकडे आहे ते तिरुपतीला गेले आहेत. सराफांनी बॉल माझ्या हातात दिला, माझा हात हलवला, फोटो झाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मी गरजू दिसत होतो.

मग रांगच लागली. कापडवाले आले, कृषी केंद्रवाले आले, एक महिला बचत गट आला, उपाध्यक्षांकडून तीन बॉल आले, त्यांवर त्यांचं नाव छापलेलं होतं. प्रत्येकाला फोटो हवा होता आणि प्रत्येक फोटोत मी होतो, कारण बॉल घेणारा मीच. आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. रजनीने एकावर टेकून वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली. ती म्हणाली, पाठीला बरं वाटतं.

"एकूण किती झाले?" साधना मॅडमनी विचारलं.

"बावीस."

"सांभाळून ठेवा सर," त्या म्हणाल्या, "दोन तारखेला लागतील," आणि शिट्टी वाजवून बिनबॉलचा सराव पुढे सुरू केला. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. रागावलेली माणसं मला परवडतात. त्यांच्यापासून दूर राहता येतं.

आणि मग बापूसाहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. उपाध्यक्षांनी तीन दिले, तेव्हा अध्यक्षांनी अकरा देणं भाग होतं. सभेच्या आदल्या दिवशी, एकोणतीस तारखेला, बापूसाहेब स्वतः मैदानावर येणार, बॉल देणार, आणि त्यातल्या एका बॉलने खेळाचं उद्घाटन होणार. "पत्रही सोबत आणतो," सहायक म्हणाले. "साहेब खूश झाले तर तिथंच सही करून टाकतील. मॅडमला सांगून ठेवा."

मी सांगितलं. एकोणतीस म्हणजे बारावा दिवस होता.

"चौदा म्हणजे चौदा, सर," साधना मॅडम म्हणाल्या.

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"संघदीपला विचारा." संघदीप हा संघाचा कप्तान, समोरच पाणी पीत उभा होता. "काय रे, आज बॉल दिला तर?"

"सगळे धावतील मॅडम," तो म्हणाला. "मी पन."

"झालं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अध्यक्षांना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर उद्धटपणा वाटेल. तुम्ही सांगितलं तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तुम्ही सांगितलं तर कुणाला ऐकूच जाणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी हो म्हणालो. का म्हणालो, याचा विचार मी घरी पोचेपर्यंत करत होतो.

बापूसाहेबांकडे जाताना काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं. चार मुद्दे होते. पहिला, माझ्या बातमीबद्दल क्षमा. बापूसाहेब ओसरीवर एकटेच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. त्यांनी माझ्यापुढे शेंगा सरकवल्या. मी कागद उघडला आणि पहिला मुद्दा वाचला.

"कुठली बातमी?" त्यांनी विचारलं.

"ती... काही ठिकाणी अभिनंदन..."

"मी नाही वाचली बुवा. पेपरात मी आपला फोटो आहे का पाहतो आणि ठेवून देतो."

दहा दिवस मला झोप नव्हती. एकोणीस फोन, बावीस बॉल, पेढे. आणि ज्यांच्यासाठी सगळं झालं त्यांनी ते वाचलंच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

"मग सही का थांबली आहे साहेब?" मी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

बापूसाहेबांनी बराच वेळ एकच शेंग चाचपली. "मोहरीलसाहेब, तुम्ही कोणाला सांगायचे नाही, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी राळेगावला एका सामन्याचं उद्घाटन होतं. मी किक मारली. बॉल जागेवर राहिला आणि चप्पल गेली. चांगली लांब गेली. मांडवात पाहुण्यांच्या हारांच्या ताटात पडली. पोट्ट्यांनी त्याचं शूटिंग केलं. माझ्या नातवानं मलेच दाखवलं ते." ते दाराकडे पाहत बोलत होते. "तेव्हापासून फुटबॉलची फाइल आली की मी तिच्यावर दुसरी ठेवतो. आता परवा पुन्हा किक. उपाध्यक्षाची माणसं मोबाइल घेऊन उभी राहणार. मी काय करू?"

मी कागद मिटला. "साहेब, मी तेच सांगायला आलो होतो. बॉल नसणार आहे."

"म्हणजे?"

मी चौदा दिवसांची पद्धत समजावून सांगितली. माझ्या बोलण्यात नेहमी येतात तेवढ्या क्षमा आल्या. शेवटी त्यांनी फक्त एवढं विचारलं, "म्हणजे किक मारली तर ती लागलीच, असं?"

"तसंच म्हणावं लागेल."

एकोणतीस तारखेला सगळं गाव मैदानावर होतं. उपाध्यक्षांची माणसं मोबाइल धरून गोलच्या मागे उभी होती. भिंतीवर बसायला जागा नव्हती. बाबारावांनी आमच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. बापूसाहेब पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत आले. अकरा बॉलची जाळी दिली गेली, फोटो झाला आणि जाळी मॅडमनी खुर्चीखाली सरकवली. मग त्यांनी बापूसाहेबांना संघात कुठे उभं राहायचं ते दाखवलं. सहायकांनी हातातली फाइल छातीशी धरली होती. पत्र कुठल्या कप्प्यात आहे ते मला लांबूनही दिसत होतं.

शिट्टी झाली. मुलं धावली. खरंच सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला खेळ कळला. कोण कुणासाठी जागा करून देतं आहे, सगळं दिसलं. संघदीपने उजवीकडून बापूसाहेबांना पास दिला. बापूसाहेब दोन पावलं सरकले, थांबले, आणि त्यांनी पाय मारला. बूट जागेवर राहिला. गोलकीपर डावीकडे झेपावला, पण उशीर झाला होता. गोल.

मैदानावर टाळ्या सुरू होणार तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"ऑफसाइड."

बाबाराव होते. त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षं गोलमध्ये उभं राहिल्यावर माणसाचं काही चालत नाही, असं ते नंतर म्हणाले. पण तेव्हा टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पुंडलिकराव भिंतीवरून अर्धे खाली उतरले, कुठे जायचं ते न ठरवता.

बापूसाहेब वळले. "कोण म्हणालं?" मग त्यांनी साधना मॅडमकडे पाहिलं. "होता का हो, ऑफसाइड?"

फाइल सहायकांच्या हातात होती. चंद्रपूरची जागा आणखी दोन दिवस शिल्लक होती. प्राचार्य मॅडमकडे पाहून मान आडवी हलवत होते, इतकी जोरात की चष्मा घसरला. मी मनात म्हणत होतो, बॉलच नाही, कसला ऑफसाइड, नाही म्हणून टाका. मी आयुष्यभर असंच केलं असतं.

"होता साहेब," साधना मॅडम म्हणाल्या. "पास निघाला तेव्हा तुम्ही समोरच्यांच्या शेवटच्या खेळाडूच्याही पुढे उभे होतात. गोल धरता येणार नाही."

बापूसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी ओळखलं नाही, कारण मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर ते फारसं पाहायला मिळत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या किकेला कुणी चुकीची म्हणण्याइतकं खरं मानलं नव्हतं.

"मग पुन्हा मारू का?"

"मारा की. पण एक पाऊल मागून. संघदीप, परत पास दे."

या वेळी ते मागे थांबले, पास येऊ दिला, आणि मारला. गोलकीपर बरोबर बाजूला झेपावूनही त्याला तो मिळाला नाही. मी बाबारावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे बारीक करून विचार केला आणि मान हलवली. "हा धरा," ते म्हणाले.

सही हिरासिंगच्या चहाच्या ट्रेवर झाली. ट्रे ओला होता, त्यामुळे पत्राच्या एका कोपऱ्यावर चहाचा गोल उमटला आहे. साधना मॅडमनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं, आणि चंद्रपूरला फोन लावायला गेटबाहेर गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे जरा लाल होते. त्यांनी चुन्याची धूळ झटकल्यासारखं केलं आणि शिट्टी वाजवली. अजून दोन दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बापूसाहेब बूट घालून पुन्हा मैदानावर हजर. तिसऱ्या दिवशीही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कॉलेज त्यांचं असल्यामुळे परत जा असंही कुणाला म्हणता येईना. मॅडमनी त्यांना रांगेत शेवटी उभं केलं.

दोन तारखेला मी हातगाडी करून बावीस बॉल मैदानावर पोचवले. मुलं ते पाहून लहान मुलांसारखी ओरडली. पण धावली नाहीत. आपापल्या जागेवर उभी राहिली. भिंतीवर पुंडलिकरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बापूसाहेब मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

"साहेब, इकडे," मॅडमनी हाक मारली. "बॉल आले."

"तुमचे चौदा झाले," बापूसाहेब म्हणाले. "माझा आज चौथा आहे."

मी हातगाडीवाल्याला पाठवून परत भिंतीकडे निघालो होतो. त्यांनी मला हात केला. मी मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का. कुणी नव्हतं. तिकडच्या गोलमध्ये उभं राहायला त्यांना माणूस हवा होता. मला खेळता येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, इकडे कुणी विचारणार नाही.

मी चपला काढून दोन खांबांच्या मधोमध उभा राहिलो. त्यांनी लांबून धावत येऊन मारला. मी उजवीकडे वळलो, हात पुढे केले, आणि तो माझ्या छातीशी आला. निदान मला तरी तसं वाटलं. बापूसाहेबांनी कमरेवर हात ठेवून क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग नाराजीने मान हलवली आणि दुसरा मारायला मागे गेले.